नवशाला वाट द्यायची आहे

कळवा, ठाणे
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

काळुदादास रावजीचा जोहार.

इकडे सर्व खुशाल, तुम्हीही खुशाल असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं नाही. गावात मास्तरांच्या नंबरवर तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा मास्तर म्हणाले, "काळुराम शेतावर गेलाय." तिसऱ्या वेळी मागून तुझा खोकला ऐकू आला. म्हणून पत्र. नातीकडून वाचून घे. करिश्मा, आजोबा उठून जायला लागले तर दारात उभी राहा आणि मोठ्याने वाच.

दादा, तुझी लेक सगुणा दवाखान्यात आहे. मनाच्या आजाराच्या वॉर्डात, बावीस दिवस झाले. जिवाला धोका नाही.

दिवाळीआधी तिचा नवशा काविळीने गेला, ते तुला बाजारात कुणीतरी सांगितलंच. त्यानंतर सगुणा माझ्या डोंबिवलीच्या साइटवर कामाला येत राहिली. काम चोख. पण विठ्ठलवाडीच्या मागच्या शेडमध्ये, जिथे आपली माणसं राहतात, तिथे दिवस मावळला की ती दोन ताटं वाढायची. एक स्वतःचं, एक उंबऱ्याशी. बायकांना आधी काही वाटलं नाही, आपल्याच बायका त्या. मग जानेवारीत ती दारात आडवी बसली. कुणाला आत येऊ देईना, बाहेर जाऊ देईना. म्हणे, त्याच्या अंगावर पाय पडतो. मुकादमाचा फोन आला, मी गाडी घेऊन गेलो.

दवाखाना चकाचक आहे. आणि सांगतो, बाहेरच्या भिंतीवर आपला तारपा काढलाय. गेरूचा रंग, पांढरी माणसं, गोल धरून नाचतायत. कुठल्या तरी कॉलेजच्या पोरांनी काढलाय, खाली त्यांची नावंही आहेत. त्या अख्ख्या इमारतीत आपली बोली समजणारा एक माणूस नाही. वॉर्डबॉय नाही, नर्स नाही. आम्ही भिंतीवर चालतो. आत आलो की "हे लोक सांगतात काय, कळत नाही."

डॉक्टरने चार मिनिटं दिली. मी घड्याळ बघत होतो. सगुणाला विचारलं, "काय त्रास होतो?" ती मराठी बोलते, पण त्या दिवशी आपल्या बोलीतच बोलत होती. दुभाषा मी. मी सांगितलं, त्याने लिहिलं, सुई दिली, भरती केलं. आठ दिवसांनी गेलो तर पोरगी भिंतीला टेकून बसलेली, तोंडातून लाळ, हात थरथरतायत. मला म्हणाली, "काका, आता तो येत नाय. पण गेला पन नाय." एवढं बोलायला तिला केवढा वेळ लागला, दादा.

मी भडकलो. नर्सला बोललो, डॉक्टरला बोललो. तो म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलंत, आवाज ऐकू येतात म्हणून." मी वळून बाहेर आलो. चूक माझी असली की मी असाच निघतो, ते तुला माहीत आहे.

तिथे देवयानी म्हणून एक मुलगी आहे, समुपदेशन करते. डोंबिवलीची, शिकलेल्या घरातली. वाटलं, हीपण वही काढणार आणि झोप लागते का, भूक लागते का विचारणार. तिने मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि म्हणाली, "काका, त्या दिवशी ती नेमकं काय बोलली? तिच्या शब्दांत सांगा. मला कळलं नाही तरी चालेल."

मग सांगावं लागलं. सगुणा म्हणाली होती, "नवशा उंबऱ्यात बसलाय. त्याचं दिवस केलं नाय, त्याला वाट नाय दिली. भुकेला हाय तो. माझ्या बापाला बोलवा." यातलं मी डॉक्टरला काय सांगितलं? "हिला मेलेला नवरा दिसतो, आवाज ऐकू येतात." कान तर माझे शाबूत होते. पण इस्त्रीच्या शर्टात त्या खुर्चीवर बसून, माझा भाऊ घांगळी वाजवतो, मेलेल्याला बोलवतो, जेवू घालतो आणि वाटेला लावतो, हे मला सांगवेना. अडाणी वाटेन असं वाटलं. स्वतःची लाज झाकायला पोरीला वेडी करून आलो.

देवयानी रागावली नाही. रागावली असती तर बरं. म्हणाली, "मग तिला वाट देऊ द्या ना. गोळ्या लगेच बंद करायच्या नाहीत, मी डॉक्टरांशी बोलते. पण निरोप राहिलाय तो राहू देऊ नका." ती डॉक्टरशी भांडली, मी बाहेरून ऐकत होतो. "आपल्याकडे तेरावं करतात त्याला आपण आजार म्हणतो का सर?" असं म्हणाली. शेवटी येत्या शनिवारपासून तीन दिवस घरी न्यायची परवानगी मिळाली आहे.

आता करिश्मा, सावकाश वाच.

दादा, तुला वाटतं सगुणाने तुला कळवलं नाही. तिला वाटत होतं तू मुद्दाम आला नाहीस. दोन्ही खोटं आहे. नवशा गेला त्या सकाळी ती माझ्या पाया पडून म्हणाली, बाबाला निरोप द्या. मी हो म्हणालो आणि निरोप दिला नाही. तू घांगळी घेऊन माझ्या सोसायटीच्या गेटातून येणार, हे डोळ्यांसमोर आलं. संध्याकाळी तिला सांगितलं, "तुझा बाप म्हणतो, रावजीच्या घरात पाऊल ठेवणार नाही." तिने विश्वास ठेवला, कारण आपलं वाकडं आहे हे तिला माहीत होतं.

ते वाकडंही मीच केलं. बारा वर्षांपूर्वी वास्तुशांतीला शेजाऱ्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, गावचे, आमच्याकडे कामाला असतात. तू बाल्कनीत होतास. आई म्हणायची, रावजीचे कान तिखट. तुझेही तिखट आहेत हे मी विसरलो.

काल सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो, सुधीरराव म्हणून आहेत. नवशाला वाट द्यायला गच्ची मागितली. म्हणाले, "सत्यनारायण घाला ना, हे भूतबित कशाला? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "तुमच्या वडलांच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा अख्खी सोसायटी घाटावर तासभर उभी होती. मीपण होतो. मी काही म्हणालो?" त्यांचं तोंड वाकडं झालं. गच्ची मिळाली. नसती मिळाली तर हॉलमधला सोफा बाहेर काढला असता.

मला माफ कर असं लिहीत नाही. तू करणार नाहीस आणि मला आत्ता ते नकोही आहे. सगुणासाठी ये. मी तिला खरं सांगितलंय. ती माझ्याकडे बघत नाही. फक्त विचारते, "बाबा येतोय का?" शेडमधल्या बायकांनी तांदूळ निवडून ठेवलाय. कोंबडा इथे मिळेल, माडी तू आण, इथली पाणचट असते.

शुक्रवारी सकाळी जव्हारच्या स्टँडवर गाडी घेऊन उभा राहतो. संध्याकाळपर्यंत उभा राहीन. घांगळी पिशवीत घालू नको. हातात धरून गेटातून ये. वॉचमन विचारेल, शेजारी विचारतील, सुधीरराव तर विचारतीलच, हे कोण. या वेळी मी काय सांगतो ते बाल्कनीतून नको, माझ्या शेजारी उभा राहून ऐक.

बारा वर्षं ज्याला तू नावाने हाक मारली नाहीस, तो
रावजी