न घेतलेलं समन्स

शिरूर, गुरुवार, संध्याकाळ

शेतावर जायच्या वाटेचा दावा आम्ही एकदाही कोर्टात न जाता हरलो. अजून खरं वाटत नाही. ऊस तोडणीला आलाय, गाडी काढायची कुठून?

कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन आला, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, त्याला चहा पाजून कागद न घेताच परत पाठवलं. "घेतलंच न्हाई तर केस चालंल कशी?" मी पदवीधर, तरी मलाही तेव्हा ते पटलंच होतं ना?

आज वकीलबाई म्हणाल्या, "समन्स नाकारलं म्हणजे ते मिळालं, असंच कोर्ट धरतं. म्हणून निकाल एकतर्फी, फक्त समोरच्याचं ऐकून."

आप्पांनी हळूच विचारलं, "आन् त्याला चहा पाजल्याला?"

निकाल रद्द करायचा अर्ज उद्याच द्यायचाय. घरी येताना आप्पा एवढंच बोलले, "सूनबाई, परत कुणी आला तर आधी कागद घे. मग चहा ठेव."