दुचुंगच्या पानांना पाणी

२ सप्टेंबर
नापास! ताईच्या मळ्यातला दुचुंग या औषधी झाडाचा सगळा पाला — नापास. औषधाला लागणारं द्रव्य म्हणे या पानांत पुरेसं नाहीच. प्रयोगशाळेच्या अहवालावर सही माझी. आमच्या कंपनीच्या प्यो साहेबांनी जेचन खोऱ्यातल्या बाकी मळेवाल्यांचा मालही थांबवला.
फोनवर ताई एवढंच म्हणाली — "झाडं बाबांनी लावलेली. त्यांना खोटं ठरवायला तूच मिळालीस?"

५ सप्टेंबर
जेवताना सूपकडे बघत बसले. त्यातलं वाळकं समुद्री शेवाळ पाण्यात कसं टम्म फुगतं! पानांचा अर्क काढायला आमचं अल्कोहोल जवळजवळ निव्वळ. त्यात वाळलेलं पान फुगतच नाही. हिरवा रंग आणि मेण तेवढं सुटतं, कामाचं राहतं आतच. आणि अर्क गर्द हिरवा दिसला की आम्ही खूश!
साहेबांना म्हटलं, पाणी घालून बघू.
"मी काय गुत्तेवाला आहे? पाणी घालून वाढवायला!"

९ सप्टेंबर
नुसत्या पाण्यात केलं. बुळबुळीत लगदा. गाळणी तुंबली. साहेब मागे उभे — "वा! खळ छान झालीय. पोस्टरं चिकटवू."

१२ सप्टेंबर
निम्म्याहून थोडं जास्त अल्कोहोल, बाकी पाणी. अर्क तपकिरी, पाणचट चहासारखा. काही आशा नव्हती. तपासायच्या यंत्रात घातला — द्रव्य तिप्पट! चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तिप्पट!!
जिन्यात जाऊन एकटीच नाचले.

१३ सप्टेंबर
साहेबांनी स्वतःच्या हाताने करून पाहिलं. आकडे दोनदा ताडून बघितले. मग — "नापासचा शेरा काढून टाका. पानं चांगलीच होती. आपल्यालाच काढता येत नव्हतं." चक्क प्यो साहेब असं म्हणाले!

१५ सप्टेंबर
ताईकडे गेले. पाला वाळत घालत होती. माझ्याकडे बघेना. मी सगळं सांगून टाकलं.
"म्हणजे बाबांच्या झाडांत होतं?"
"होतं गं ताई. भरपूर होतं."
तिने डोळे बाहीनेच पुसले. मग खेकसली, "तोंड बघ कसं सुकलंय! जेवली नसशील." भात, किमची, भाजलेला मासा. तीनदा वाढलं. मी नाही म्हटलं नाही.

२० सप्टेंबर
सगळ्या खोऱ्याचा पाला कंपनीला हवाय! मला बढती — प्रयोगशाळेची प्रमुख! साहेबांनी सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. आज जगात माझ्याएवढं सुखी कोणी नाही.

२२ सप्टेंबर
राजीनामा दिला. गावातली बंद दारूभट्टी ताईने आणि मळेवाल्यांनी मिळून घेतलीय — पाला नाही, अर्कच विकणार म्हणे. तो काढायला मी! "उशिरा आलीस तर पगार कापीन," ताई म्हणाली!