समासातली आडवी रेघ

बाबा, "संशय आला तर समासात आडवी रेघ मार, ओळ खोडू नकोस," असं तुम्ही म्हणाला होतात. मी चौदा वर्षांची होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही जुन्या पोथ्यांचे पाठभेद जुळवत बसला होतात आणि मदतीच्या उत्साहात मी तुमच्या नकलेतली एक ओळ शाईने खोडली होती. एवढी शूर राणी अशी रडेल कशी, म्हणून. तुम्ही ओरडला नाहीत. पान पुन्हा लिहून काढलंत आणि माझ्या हातात पेन्सिल दिलीत.

इथे परदेशात, वेरिबीत सध्या लॉकडाउन आहे. लेकीची युनिव्हर्सिटी तिच्या खोलीत, माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर. काल तिच्या लेक्चरमधून ऐकू आलं, की अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातले विद्वान ग्रीक महाकाव्यातल्या संशयास्पद ओळींपुढे अशीच रेघ मारत. या वीराला हे बोलणं शोभत नाही, तेव्हा ओळ मागाहून कुणीतरी घुसवलेली, असा त्यांचा तर्क. पण ती काढून टाकत नसत. "मॉम, त्यांनी डिलीट नाही केलं काही," लेक म्हणाली. "सो स्वीट."

मी कपाटातून तुमचं शेवटचं पत्र काढलं. तुमचा हात कापायचा, म्हणून तुम्ही सांगितलेलं आणि आईने लिहिलेलं. शेवटची ओळ, "तुझ्यावाचून घर ओकंबोकं वाटतं." तिच्यापुढे माझी तेव्हाची पेन्सिलीची रेघ. मी तुमच्या मनाविरुद्ध इथे आले, तुम्ही निरोप द्यायला दारापर्यंतही आला नाहीत. तुम्ही असं बोलणं शक्यच नव्हतं. ते आईने पदरचं घातलं आणि तुम्ही रागातच गेलात, असं मी धरून चालले. आईला विचारायचा धीर कधी झाला नाही. पण आता विमानं बंद आहेत, आई थकली आहे. आज व्हिडिओ कॉलवर विचारून टाकलं. ती कोथिंबीर निवडते आहे, मानही वर करत नाही.

"मी कशाला घालू? माझ्याकडून तीनदा वाचून घेतली त्यांनी ती ओळ. वर म्हणाले, कार्टी इथे रेघ मारणार बघ."

मी हसले, मग कॅमेरा बंद केला. नंतर चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायले. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं.

तुम्हाला लिहिलेलं हे पत्र आता कुठे टाकणार? तुमच्याच पत्राच्या घडीत ठेवते. खोडरबर मात्र मघापासून हातात आहे. आधीच्या वाचणाऱ्याची शंकाही पानावर राहू द्यायची असते, ती पुसायची नसते, हेही तुम्हीच शिकवलंत. तरी विचारते, बाबा, एवढी एक रेघ पुसू द्याल?