नवव्या झेंड्यापाशी लागलेला डोळा

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

परवानगी मिळाली! अटीसकट. परवा एकाच दिवशी तीन शर्यती — सकाळी छोटी, मग मधली, दुपारी लांबची. पाचला शर्यत बंद. "पाचच्या आत समोर दिसला नाहीत, तर ही शेवटची," बायको म्हणाली. शब्द दिला. हृदयाच्या ऑपरेशनला वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, "धावा, पण बेताने." हिला त्यातलं "बेताने" तेवढंच ऐकू येतं.

शनिवार, ५

भट्टी, पाव, भट्टी. लवकर झोपायचं ठरवलं होतं. कसली झोप!

रविवार, ६

दमलोय, तरी लिहिणारच.

पहिली मस्त झाली. नकाशा, होकायंत्र आणि रानात लावलेले झेंडे क्रमाने शोधत पळायचं — माझ्या निम्म्या वयाची पोरं मागे टाकली! दुसरीत पोटऱ्यांत गोळे आले. बायकोने मीठ-साखरेचं पाणी पाजलं, मोजे बदलायला लावले. "पुरे करा आता." "एकच राहिली गं!"

तिसरीत आठव्या झेंड्यापर्यंत पाय माझे होते. पुढे कुणाचे, देव जाणे. एकच टेकाड दोनदा चढलो — नकाशा उलटा धरून! नववा सापडला एकदाचा. म्हटलं, झाडाला टेकून बुटातला खडा काढू. पहाटे तीनला भट्टी पेटवणारा माणूस मी. दुपारी टेकलो की डोळा लागतो. लागला!

जाग आली तेव्हा नाकाखाली बोटं. बायको श्वास चालू आहे का बघत होती. चालू आहे म्हटल्यावर पाठीत एक धपाटा घातला. मग रडली. मागे झेंडे गोळा करणारा मुलगा भलतीकडेच बघत उभा. साडेपाच होऊन गेलेले. मी आलो नाही तशी ही त्याच्याबरोबर रानात शिरली होती, एकेक झेंडा करत. कॉलनीची बाग सोडून कुठे न फिरणारी बाई! हात काट्यांनी ओरबाडलेले.

मला उठवेना. तिने दंडाला धरून उभं केलं, नकाशा काढून घेतला.

"या तपकिरी रेघा कसल्या?"

"चढाच्या."

"आणि ही तुटक?"

"पायवाट."

"मग वळसा पडू दे, सपाटीवरून जाऊ."

नेलं की हो बरोबर! "काकूंना जमतंय," मुलगा म्हणाला. वाटभर तिने दंड सोडला नाही. कुणामुळे जगतोय, ते कळलं आज. फार फार उपकार आहेत हिचे. तोंडाने मात्र एकदाही म्हणता आलं नाही.

सोमवार, ७

ही गल्ल्यावर गिऱ्हाइकांशी बोलते, माझ्याशी नाही. संध्याकाळी मीच म्हटलं, "शब्द म्हणजे शब्द. सोडलं." "बरं," म्हणाली.

जिवंत आहे, भट्टी चालू आहे, ही समोर आहे. आणखी काय हवं? तरी चुटपुट लागलीय. खोटं कशाला लिहू!

शनिवार, १२

शर्यतवाल्या क्लबातून फोन — "पुढच्या शर्यतीला जोडीच्या गटात तुम्हा दोघांची नावं आलीत. बरोबर ना?" मी तर दिली नव्हती! हिला विचारलं. हिने पिठाचे हात झटकले. "नकाशा माझ्या हातात राहणार. तुम्ही फक्त पळायचं. आणि झोप आली की आधी सांगायचं!"