पडद्याआडची झडती

नाना, लढाईच्या दिवसांत कापडावर कंट्रोल आला आणि परवान्याशिवाय हिंदी मुलखातल्या आपल्या संस्थानाबाहेर कापड न्यायचं नाही असा हुकूम निघाला, त्या उन्हाळ्यात तुम्ही आपल्या लेकीला, मला, स्टेशनच्या वाटेवरच्या तुमच्या जकात नाक्यावर घेऊन गेलात. मला तेरावं वर्ष सरलं होतं, शाळेला सुट्टी होती. "पोरीचं काय काम तिथं?" आईनं विचारलं. तुम्ही पगडी बांधता बांधता म्हणालात, "बुरखेवाल्या बायांच्या अंगाला आम्ही हात कसा लावायचा? बाईमाणूस हवं. दोन महिने बसेल, बिघडत नाही." मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. नव्या बाजारातून स्टेशनापर्यंत तुमच्या मागून चालताना मी ओळखीच्या प्रत्येक दाराकडे बघत होते, कुणी पाहतंय का म्हणून.

नाक्याच्या मागच्या खोलीत तुम्ही गोणपाटाचा पडदा लावून घेतला होता. तिथं मला शिकवलंत. आधी बाह्या, मग पाठ, मग कंबर. बोलायचं नाही. काही लागलं तर मोठ्यानं म्हणायचं, "आहे." बाहेर टांगे ओळीनं उभे राहायचे. धोतरवाले, टोपीवाले, आपल्या लुगड्यातल्या बायका यांना नाक्यावरचे कारकून मुन्शीजी गाठोडं दाबून सोडून द्यायचे. बुरखा दिसला की टांगा बाजूला. टांगेवाले खाली उतरून विडी ओढत बसायचे आणि गाडीसाठी निघालेली माणसं, ज्यांचा या बायांशी काडीचा संबंध नव्हता, तीही घटकाभर थांबायची. "अंदर पूरी दुकान है, साहब," असं कुणीतरी रोज म्हणायचं. दुसरं कुणीतरी हसायचं. तुम्ही हसत नव्हता, पण गप्पही करत नव्हता. तुम्ही उठून उभे राहायचात, पाठ फिरवायचात आणि म्हणायचात, "माफ करना बीबी, हुकुम है." तुमचा आवाज इतका अदबीचा असायचा, की मला वाटायचं, यात वाईट काही असूच शकत नाही.

पडद्याआड बाया चेहऱ्यावरचा पडदा वर टाकत आणि समोर परकरातली पोर बघून दचकत. एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून दुआ देऊन गेली. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या दर शनिवारी आपणहून हात पसरून उभ्या राहत, भिंतीकडे बघत, आणि दर वेळी तेच म्हणत, "जल्दी करो, मेरी गाड़ी छूट जाएगी." एकदा पोट पुढं आलेली एक जण आली. मुन्शीजी बाहेरून म्हणाले, "पेट ठीक से देखना." मी दोन्ही हात ठेवले तर आतल्या बाळानं माझ्या तळहाताला लाथ मारली. मी हात मागे घेतला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मिल गया?"

दीड महिन्यात मला काही म्हणजे काही सापडलं नव्हतं. एक पानाचा डबा, औषधाची बाटली, रुमालात बांधलेलं कुराण. मुन्शीजी मला चिडवायला लागले होते, "बिटिया के हाथ कच्चे हैं." तुम्ही काही म्हणत नव्हता. पण मला वाटत होतं, तुम्हालाही तसंच वाटतंय. मग ती आली. तिशीची असेल. सकाळची गाडी यायला थोडाच वेळ होता. बाह्या पाहिल्या, पाठ पाहिली, आणि कमरेला माझ्या बोटांना घट्ट गुंडाळलेलं कोरं कापड लागलं. खळीचं, करकरीत. तिनं माझं मनगट धरलं. जोरात नाही. कानाशी वाकून म्हणाली, "बिटिया, कफ़न का लठ्ठा है. अम्मी गुज़र गईं, दतिया में. वहाँ कपड़ा नहीं मिल रहा."

मी ओरडले, "नाना, आहे!"

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तिनं स्वतःच ते सोडून बाहेर तुमच्या टेबलावर ठेवलं. पांढरा लठ्ठा, घामानं एका बाजूला ओला झालेला. मग तेच तुम्हाला सांगितलं. तुम्ही मुन्शीजींकडे पाहिलंत, जमलेल्या माणसांकडे पाहिलंत. कुणीतरी म्हणालं, "सब यही कहती हैं." तुम्ही म्हणालात, "बीबी, परवाना ले आओ, मैं अपने हाथ से दे दूँगा." कचेरी अकराला उघडायची आणि गाडीनं तेवढ्यात शिटी दिली. ती म्हणाली, "तो अम्मी को किसमें लपेटूँ?" तिनं चेहऱ्यावर पडदा ओढला आणि स्टेशनकडे चालू लागली. धावली नाही. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. तिच्या मागून जाणाऱ्या दोघांनी तिला वाट दिली, पण रोगी माणसाला द्यावी तशी.

त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. मला जवळ बसवून म्हणालात, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तिनं आधी तुला सांगायला हवं होतं. तुला काय माहीत?" तिनं मला आधीच सांगितलं होतं, नाना. मी ऐकलं होतं, मला कळलंही होतं. मरण म्हणजे काय हे न कळण्याइतकी मी लहान नव्हते. पण मला तुमची शाबासकी हवी होती. मी मान खाली घातली आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. तुम्ही गेलात तोवर मी ते दुरुस्त केलं नाही.

पंधरा दिवसांनी झाशीला मावशीकडे लग्न होतं. निघायच्या सकाळी आईनं एका लुगड्यावर दुसरं लुगडं नेसलं. माझ्या परकराखाली पोटापासून मांड्यांपर्यंत मलमलीचं अख्खं ठाण गुंडाळलं आणि म्हणाली, "हसू नकोस, सरळ चाल." त्या उकाड्यात नाक्यावर टांग्यातून उतरून मी लाकडी बाहुलीसारखी चार पावलं चालले. मुन्शीजी उठून उभे राहिले, "माँजी, नमस्ते," म्हणाले, आणि टांग्यासाठी वाट मोकळी करून दिली. आमच्या पुढचा टांगा बाजूला घेतलेला होता. आत दोन काळे बुरखे बसून होते. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "काय गं, चालतेस कशी?" आई म्हणाली, "चप्पल चावतेय." तुम्ही क्षणभर तिच्या कमरेकडे पाहिलंत आणि टांगेवाल्याला म्हणालात, "चलो, घर के लोग हैं." तेव्हा मला वाटलं, आम्ही तुम्हाला फसवलं. आता मला खात्री नाही. वीस वर्षं नाक्यावर काढलेल्या माणसाला दोन लुगड्यांचा घेर कळत नाही? दतियाला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून फलाटावरच्या बुरख्यांमध्ये तिला शोधत होते. आईनं माझ्या हातात शंकरपाळी ठेवली.

तुमच्या मागे तुमची ट्रंक मी आवरली. त्यात त्या हुकमाची नक्कल होती. मी ती तीनदा वाचली. बुरखा हा शब्द तिच्यात कुठेच नाही. "संशयित इसम" एवढंच आहे. संशय कुणाचा घ्यायचा, ते नाक्यानं ठरवलं होतं. म्हणजे मुन्शीजींनी, टांग्यांशी थांबणाऱ्या त्या रिकामटेकड्यांनी, आणि तुम्ही. आणि पडद्याच्या आत मी. तुम्ही दुष्ट नव्हता. तसे असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

हे लिहून झाल्यावर चुलीत घालणार होते. ते आता करणार नाही. कपाटात माझ्या लुगड्यांखाली ठेवून देते. पण एवढ्यावर थांबले तर तुम्हाला वाटेल की पोर शहाणी झाली. म्हणून परवाचं सांगते. दवाखान्यात बाकावर जागा नव्हती. बुरख्यातली एक तरुण मुलगी माझे पांढरे केस बघून सरकली आणि म्हणाली, "आइए अम्मा, बैठिए." मी बसले. तिला "जीती रहो" म्हणाले. आणि मग मांडीच्या तिच्याकडच्या बाजूची पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. तिनं ते पाहिलं. आमचा नंबर लागेपर्यंत आम्ही दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो, आणि मी ती पर्स परत उचलून तिच्या बाजूला ठेवली नाही.