एकशे बत्तीस निर्दोष अहवाल

सोमवार, ३ मार्च. सकाळी ११.१५

फाइल परवानगी खात्याकडे रवाना. नऊ किलो भरली. पोस्टातल्या काट्यावर मी स्वतः उभं राहून वजन करून घेतलं.

पुढेमागे कुणाला माझ्यावर लिहावंसं वाटलं तर उपयोगी पडेल म्हणून नोंद करून ठेवतो. आपल्या गावाला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी. झऱ्याखालची दगडी टाकी जुनी, वरून उघडी, एका बाजूने तडकलेली. योजना अशी : नवी बंदिस्त टाकी, नवी पाइपलाइन. शुद्धीकरण केंद्र नाही, औषधाचा थेंब नाही. खात्याचा नियमच आहे की दहा वर्षं दर महिन्याचा पाणी तपासणी अहवाल निर्दोष असला तर झऱ्याच्या पाण्याला शुद्धीकरणाची सक्ती नाही. आपल्याकडे अकरा वर्षांचे आहेत. एकशे बत्तीस अहवाल, एकावरही डाग नाही. आणि दर महिन्याला नमुने घेतले कुणी? पाणीपुरवठा निरीक्षकाने. म्हणजे मी.

याबद्दल फुशारकी मारायची नाही, असा आजपासून नियम.

सायं. ५.३०

मुख्याधिकारी, न्हावी, पोस्टातल्या बाई आणि बसमध्ये शेजारी बसलेला एक परका माणूस, एवढ्यांनाच सांगितलं. परक्याने आपण होऊन विचारलं होतं. म्हणजे, खिडकी जरा लावता का असं विचारलं होतं.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ७.००

मार्चचे नमुने घेतले. पाच गल्ल्यांतल्या पाच नळांचे पाच नमुने घ्यायचे असा कागदोपत्री नियम आहे. तो नियम करणारा माणूस कधी चढ चढलेला नसावा. मी पाचही बाटल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या नळावर भरतो. अकरा वर्षं असंच. डोंगर एक, झरा एक, टाकी एक. नळ वेगळा म्हणून पाणी वेगळं कसं होईल? शिवाय लोकांच्या मोऱ्या किती घाण असतात. उगाच नमुना बिघडायचा.

ही म्हणाली, एकदा तरी दुसरीकडचं पाणी घेऊन बघा. आवाज जरा चढा होता. मी म्हणालो, तू तुझा स्वयंपाक बघ. ती काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात मी हिला एवढं तरी शिकवलं.

रविवार, ९ मार्च

खालच्या गल्लीतून धाकट्या बहिणीचा फोन. तिच्या नातीचं, चिमीचं, पोट पुन्हा बिघडलंय. तीन वर्षांचं पोर, या वर्षात चौथ्यांदा. मी म्हणालो, बाहेरचं खाल्लं असेल. बहीण म्हणाली, दादा, अरे ती घराबाहेर पडलेली नाही, पाणी उकळून देऊ का?

मी तिला नीट समजावलं. पाणीपुरवठा निरीक्षकाची सख्खी बहीण पाणी उकळते, हे खात्याच्या कानावर गेलं तर फाइल बुडाली म्हणून समज. महिनाभर कळ काढ. ती म्हणाली, बरं दादा, तू म्हणतोस तर नाही उकळत.

गुणी आहे. माझा शब्द खाली पडू देत नाही.

बुधवार, १२ मार्च

खात्याची तपासणी अधिकारी आली. तिशीची पोरगी, पायात जाडजूड बूट. मला वाटलं, अर्ध्या वाटेत दमेल. अर्ध्या वाटेत मीच एका दगडावर बसलो. दमलो म्हणून नाही, तिला निसर्ग पाहायला वेळ मिळावा म्हणून.

तिने निसर्ग पाहिला नाही. टाकीचा तडा पाहिला, झऱ्याच्या वरच्या अंगाला गुरांचे खूर उमटलेले पाहिले, पाण्यात बोट घालून वास घेतला. मग विचारलं, नमुने कुठून घेता? मी म्हणालो, पाच गल्ल्यांतून. तिने वहीत लिहिलं आणि बराच वेळ लिहीतच राहिली. एवढं काय लिहायचं होतं कोण जाणे. वाक्य तर दोन शब्दांचं.

मंगळवारी ती येऊन स्वतः नमुने घेणार. येऊ दे. कर नाही त्याला डर कशाला?

(छातीत किंचित धडधड. चढामुळे.)

शुक्रवार, १४ मार्च. दुपारी २.००

टाकी घासायचं ठरवलं. फिटर म्हणाला, साहेब, दोन दिवस पुरवठा बंद करावा लागेल. मी म्हणालो, अनुभवी माणसाला बंद करावा लागत नाही. खराटा घेऊन स्वतः उतरलो.

सायं. ६.००

अकरा वर्षांचा गाळ ढवळला गेला. गावभर नळाला चहा. ऑफिसात सत्तावीस तक्रारी. फळ्यावर सूचना लावली : आजच्या पाण्यात नैसर्गिक खनिजं अधिक आहेत, नागरिकांनी लाभ घ्यावा.

गंमत म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात पाणी लख्ख. फक्त धार बारीक. हिला दाखवलं. ही म्हणाली, हो ना, नवलच.

सोमवार, १७ मार्च

चिमीला दवाखान्यात ठेवलंय. हाताला सुई, डोळे खोल. मला पाहून हसायला गेली आणि तिला हसता येईना. बहीण नुसती तिच्या पायांवर हात फिरवत बसली होती. तिथल्या नळाचा भरवसा नाही म्हणून घरून आपल्या नळाची मोठी बाटली भरून नेली आणि तेवढंच द्या असं बजावलं.

मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं होतं. महिनाअखेरपर्यंत परवानगी आली नाही तर मंजूर झालेला निधी दुसऱ्या गावाला जाणार. म्हणाले, सगळं तुमच्या अहवालांवर आहे. मी म्हणालो, मग झोपा निर्धास्त.

मंगळवार, १८ मार्च

खात्याच्या बाईंनी नमुने घेतले. पाच गल्ल्या, पाच नळ. प्रत्येक नळाचं तोंड आधी जाळून घेतलं. थेर. मी आग्रह केला म्हणून सहावी बाटली आमच्या घरी भरली. त्या वेळी ही ओट्याला टेकून उभी होती. चेहरा पांढरा. परक्या माणसांसमोर हिला नेहमीच संकोच वाटतो.

बुधवार, १९ मार्च. संध्याकाळी

चिमी उठून बसली! दोन दिवस आमच्या घरचंच पाणी पितेय, पोट थांबलं. डॉक्टर औषधाचं कौतुक सांगत होते. मी म्हणालो, औषध कसलं, झऱ्याचं पाणी आहे ते. उद्या घरी सोडणार. बहिणीला म्हणालो, बघ, म्हणत नव्हतो? आता तुझ्या घरच्या नळाचंच दे, बिनधास्त. ती रडतरडत हसली.

शनिवार, २२ मार्च. दुपारी १२.४०

बाईंचा फोन. पाच नमुने दूषित. नुसते दूषित नाहीत, गुरांच्या शेणातले जंतू आहेत त्यात. सहावा निर्दोष. आवाज शांत होता, तेच जास्त लागलं. विचारलं, एकाच झऱ्याचं पाणी, मग एकच घर कसं वेगळं? मी म्हणालो, आमच्याकडे स्वच्छता फार.

फिटरला बोलावलंय. आमच्या नळाचा पाइप खास धातूचा असणार. पुराव्यानिशी सिद्ध करतो.

दुपारी ३.००

पाइप साधा आहे.

फिटर सिंकखालचं कपाट उघडेना. मी उघड म्हटलं. तो हिच्याकडे बघायला लागला. मग मीच उघडलं. आत फिल्टर. हातभर उंच, निळा. अकरा वर्षांत मी ते कपाट उघडलं नव्हतं. तशी वेळच आली नाही.

फिटरनेच बसवलाय. दर सहा महिन्यांनी आतली नळी बदलून जातो, मी ऑफिसात असताना.

हिला विचारलं, हे काय? ही म्हणाली, तुम्ही निरीक्षक झालात त्या वर्षी आपली मुलगी वीस दिवस आजारी होती, आठवतं? मी पाणी उकळायला घेतलं तर निरीक्षकाच्याच घरी उकळतात म्हणून लोक हसतील, असं तुम्ही म्हणालात. मग मी हे बसवून घेतलं. मी म्हणालो, सांगायचं तरी. ही म्हणाली, कितीदा सांगू? पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणजे एकशे बत्तीस अहवाल या निळ्या डब्याचे.

दुपारी ३.३०

ठराव : बहिणीला ताबडतोब सांगायचं.

सायं. ५.००

ताबडतोब म्हणजे घाईगर्दीत नव्हे. फोनवर असल्या गोष्टी बोलू नयेत. उद्या जाऊन सांगतो.

रविवार, २३ मार्च

गेलो होतो. तिच्या घरी पाहुणे होते. चिमी मांडीवर येऊन बसली, तिच्या पेल्यातलं पाणी मला पाजत होती. मी प्यायलो. सांगितलं नाही. मी अशी गोष्ट चारचौघांत सांगितली तर दुपारपर्यंत गावभर. गुरुवारी खात्याची सुनावणी आहे, तिथे सगळ्यांना एकदमच, रीतसर. चार दिवसांनी काय होतंय?

हिने विचारलं, सांगितलंत? मी मान हलवली. कशी हलवली ते तिने नीट पाहिलं नसावं.

सोमवार, २४ मार्च

मुख्याधिकाऱ्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, पाच नमुने बिघडले त्याला कारण तुमची टाकीघासणी, असं लिहून देऊ. फेरतपासणी मागू. त्या दिवशी पहाटे टाकीत क्लोरीनची पावडर टाका, कोण बघतंय? परवानगी मिळेल, निधी राहील, तुमची निवृत्ती सन्मानाने होईल. फक्त जुने अहवाल खरे आहेत असं गुरुवारी उभं राहून सांगायचं.

मी विचार करून सांगतो म्हणालो. नाही म्हणणार होतो. शब्द तोंडाशी आला होता.

मंगळवार, २५ मार्च

कबुलीपत्राचे चार मसुदे. पहिल्यात चूक माझी. दुसऱ्यात व्यवस्थेची. तिसऱ्यात फिल्टर बनवणाऱ्या कंपनीची. चौथ्यात हिची. हिने चौथा वाचला आणि चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला, माझ्याच चष्म्याच्या.

बुधवार, २६ मार्च. सकाळी ९.२०

चिमी पुन्हा दवाखान्यात. या वेळी जास्त. तापही आहे.

सकाळी ९.४५

उद्या सांगतो. काही झालं तरी. निधी गेला खड्ड्यात, निवृत्तीचा हार गेला खड्ड्यात. चाळीस मिनिटांचं भाषण तयार करतोय. गावाला हादरा बसणार, पण सत्य ते सत्य. अशी माणसं आता राहिली नाहीत.

ही सकाळीच दवाखान्यात गेली. फिल्टरचं पाणी घेऊन. मला चल म्हणाली नाही.

गुरुवार, २७ मार्च. दुपारी

ऑफिसातला मोठा हॉल भरलेला. टेबलापाशी बाई आणि मुख्याधिकारी. मुख्याधिकाऱ्यांनी मला डोळ्यांनी खूण केली. मी उभा राहिलो. बोललो. एकशे बत्तीस अहवाल खोटे आहेत. पाचही बाटल्या माझ्याच घरच्या नळाच्या. त्या नळाला फिल्टर आहे.

आणि थांबलो, हादऱ्याची वाट बघत.

कुणी खोकलं. कुणीतरी पंखा वाढवायला सांगितलं.

बाई म्हणाल्या, पाच गल्ल्यांचे आकडे अकरा वर्षं दशांशापर्यंत सारखे होते, फाइल उघडली त्या दिवशीच कळलं, तुम्ही स्वतः सांगताय का एवढंच बघायचं होतं. मग फिटरला उभं केलं. गावात किती घरी फिल्टर बसवलेत? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, जवळजवळ सगळ्याच. मुख्याधिकाऱ्यांकडे दोन आहेत. ज्यांना परवडत नाही ते उकळतात. न्हावी म्हणाला, आम्ही तर साहेबांनी कारभार घेतल्यापासूनच उकळतोय. लोक हसले. वाईट हसले नाहीत, तेच वाईट.

म्हणजे गावात एकानेही माझ्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता.

फक्त मागच्या रांगेत बहीण होती. दवाखान्यातून तशीच आली होती, दादाचा आज मोठा दिवस म्हणून. ती तेवढी हसली नव्हती.

जिन्यात गाठलं. भाषणाची उरलेली सदतीस मिनिटं खिशातच राहिली. ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, दादा, तुला कधी कळलं?

शनिवारी, म्हणालो.

तिने बोटांवर मोजलं. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. रविवारी तू घरी आला होतास, म्हणाली. आणि उतरून गेली.

शुक्रवार, २८ मार्च

परवानगी नाकारली. शुद्धीकरण केंद्रासह नवी योजना पाठवा, निधीचं पुढे बघू. तोवर सर्वांनी पाणी उकळून प्यावं, अशी सूचना फळ्यावर लावली. खाली सही माझी. वाचायला कुणी थांबलं नाही.

चिमीचा ताप उतरलाय. उद्या घरी सोडतील.

सोमवार, ३१ मार्च. सकाळी ८.००

पहाटे उठून स्वतः पाणी उकळलं. आधी फिल्टरमधून काढलं, मग वीस मिनिटं खळखळून उकळलं, मग गाळलं. मोठा स्टीलचा डबा भरून, झाकण घट्ट लावून, बहिणीकडे चालत गेलो. चिमी खिडकीत होती. तिने हात केला.

बहिणीने दार उघडलं, आत ये म्हणाली, चहा टाकला. डबा माझ्या हातातून घेतला. मी सांगितलं, उकळलेलं आहे, मी स्वतः उकळलंय. ती म्हणाली, हो का, बरं.

मग पातेल्यात ओतलं आणि माझ्यासमोर पुन्हा गॅसवर उकळत ठेवलं.