वाढत्या मापाची बॉडी

आई, आज तुझ्या नातीला घेऊन बारामतीत बॉडी, ही पोरगी ब्रा म्हणते ती, घ्यायला गेले होते आणि दुकानाचा जिना चढता चढता मला तुझा इतका राग आला, की तू असतीस तर तिथूनच फोन लावून भांडले असते. तू गेलीस तेव्हा ही रांगत होती. आता नववीत आहे, कबड्डी खेळते. चढाईला गेली की परत येईपर्यंत बघणाऱ्याचाच दम कोंडतो. अशी पोरगी गेले काही दिवस ग्राउंडचं नाव काढत नव्हती. कधी पोट दुखतंय, कधी अभ्यास आहे, कधी सर उगाच ओरडतात. परवा जवळ घेऊन विचारलं तेव्हा रडत रडत बोलली. चढाईत तिला दोघींनी मागून धरलं, आणि त्या ओढाताणीत जर्सीच्या आत बॉडी वर सरकून गळ्यापाशी गोळा झाली. समोरच्या शाळेच्या पोरी हसल्या. रविवारी तालुक्याच्या संघाची निवड आहे आणि ही म्हणते, मला खेळायचंच नाही. ती बॉडी मीच आणलेली, बत्तीस नंबरची. त्याहून लहान दुकानात नव्हतीच. पोरीचे डोळे पुसताना मला तू आठवलीस, आणि चांगल्यासाठी नाही आठवलीस.

तुझी मशीन स्वयंपाकघरात खिडकीखाली होती. एक डोळा चुलीवर, एक डोळा सुईवर. नरसिंहपूरहून, नदीपलीकडच्या गावांतूनसुद्धा बायका तुझ्याकडं ब्लाऊज शिवायला यायच्या. येताना मापाचं ब्लाऊज घेऊन या म्हणायचीस, पण ते उलगडायच्या आधीच कुणाची बाही काचते आणि कुणाचा गळा उतरतो ते तुला कळलेलं असायचं. आणि पोटच्या पोरीचं माप तू कधी घेतलं नाहीस. माझ्यासाठी तुझ्याकडं एकच माप होतं, वाढतं. शाळेचा स्कर्ट आत दुमडून टाचलेला, चपला टाचेमागं बोटभर जास्तीच्या, स्वेटर पुढच्या हिवाळ्यालाही पुरेल असा. तिथवर ठीक होतं, घरोघरी तसंच चालायचं. तू बॉडीसुद्धा वाढत्या मापाची आणलीस.

इंदापूरचा बाजार. भांड्यांच्या दुकानाशेजारी तो माणूस खोक्यांच्या मधोमध बसलाय आणि मी तुझ्या मागं लपून उभी आहे. त्यानं चष्म्यावरून एकदा बघितलं आणि बत्तीस होईल म्हणाला. तू म्हणालीस, "चौतीस द्या. पुढं अंगानं भरंल की." त्यानं पेपरात गुंडाळून दिली, तू ती लसणाच्या खाली पिशवीत दडवलीस, आणि घरी येईपर्यंत एसटीत माझ्याकडं बघितलं नाहीस. घालून बघितली तर आत मूठमूठ शेंगा मावल्या असत्या. पट्टे खांद्यावरून घसरायचे. मी वर्गात सारखी खांदे उडवत बसायची, शेवटी बाईंनी विचारलं, काय गं, अंगात येतं का तुझ्या? सगळा वर्ग हसला. घरी येऊन तुला सांगितलं, तर मशीनवरून मान न उचलता म्हणालीस, "बॉडीला काय झालंय? तूच फळी हायस." तू विसरली असशील. मी नाही विसरले.

ज्या पोरींना बघायला पाहुणे यायचे, त्यांच्या आया तुझ्याकडं गुपचूप यायच्या. तू हसायची नाहीस, विचारायचीही नाहीस. बारामतीहून आणलेली स्पंजाची पट्टी पेटीतून काढायचीस, आमटीची वाटी तिच्यावर पालथी ठेवून खडूनं गोल मारायचीस आणि कापायचीस. मग तीच वाटी धुऊन रात्री ताटात. कितीदा ती आमटीची वाटी मी तशीच बाजूला सारली, तुला काय कल्पना. मला बघायला आले तेव्हा माझ्यासाठीही ती वाटी पालथी पडली. मी नको म्हणाले. तू म्हणालीस, त्यांनी नकार दिला तर पुढच्यांना काय सांगायचं? पसंती आली, आणि तू देवापुढं साखर ठेवलीस. पोरगी पसंत पडली की स्पंज, हे मला त्या दिवशीही कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही.

बरं, स्पंज घातलास तर घातलास. पण हळदीच्या ब्लाऊजात? आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात राबलेली बाई तू, हळदीला नवरीच्या अंगावर पाणी ओततात हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? नवऱ्याची उष्टी हळद घेऊन पिंपळीहून नणंद आली होती, तिच्याबरोबर तिकडच्या बायका. मला पाटावर बसवलं, हळद चोळली, तांब्यावर तांब्या पाणी ओतलं. स्पंज पाणी प्यायला. मी उठून उभी राहिले आणि दोन्हीकडून पिवळ्या धारा लागल्या. थांबेनातच. मी हातानं दाबलं तर आणखी आलं. नणंद म्हणाली, "वहिनी, पिळून देऊ का?" मांडवभर बायका हसल्या. आणि तू? तोंडाला पदर लावून तूही हसलीस. मी तुझ्याकडंच बघत होते, मला नक्की माहीत आहे. आजही कुणाच्या हळदीला तांब्या उचलला की नणंद मला शोधून डोळा मारते.

पुढं मी भरले नाही. लग्न झालं, बाळंतपण झालं, दूध पाजताना चार दिवस वाटलं, भरतेय बहुतेक, नंतर परत होते तशी. दुकानांत सगळे बाप्येच. तीस नंबर मागितला की म्हणायचे, तो लहान पोरींना, तुम्ही पॅडवाली घ्या ताई, शोभेल. पॅडवाली ती आपली आपण उभी राहते. मी वाकले तरी ती जागेवरच, मधे नुसती हवा. फोनवरून मागवली, एक बरी निघाली, तोच नंबर परत मागवला तर श्वास घेता येईना. मी दवाखान्यात नर्स आहे, पेशंटला कुशीवर वळवायचं म्हणजे दोन्ही हात गुंतलेले, आणि तेवढ्यात पाठीचा पट्टा मानेकडं चालू लागतो. औषधांच्या खोलीत जाऊन खाली ओढायचा, परत वॉर्डात. बायकांना ईसीजीच्या वायरी लावताना त्या पदर घट्ट धरतात आणि म्हणतात, माझं काय न्हाय हो बघण्यासारखं. मी म्हणते, मावशी, मला ठोके बघायचेत. त्यांचीही कुठं तरी मशीनवर बसलेली आई असणार, असं मला दर वेळी वाटतं.

तुझ्या आजारपणात मी रजा काढून आले. नर्स असून तू मला हात लावू दिला नाहीस. कपडे बदलायचे झाले की "तिकडं तोंड कर" म्हणायचीस आणि भिंतीला टेकून, धापा टाकत, स्वतःच हूक लावायचीस. मला वाटायचं, लाजते. मग ती सकाळ. बाहेर चुलीवर तुझ्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापत होतं, काकू म्हणाली, लेकीनंच कपडे काढावेत. मी पडदा ओढून घेतला आणि तुझ्या ब्लाऊजाचे हूक काढले. आत स्पंज. वाटीच्या मापाचे दोन गोल, पिवळे पडलेले, कडेनं भुगा होत आलेले, बारीक टाक्यांनी शिवलेले. ते टाके तुझेच. पेजेचा घोट पोटात ठरत नव्हता आणि तू छातीला स्पंज लावून पडून होतीस. कुणासाठी गं? कोण येणार होतं तुला बघायला?

मला तेव्हा रडू यायला पाहिजे होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तुला सगळं माहीत होतं. पट्टा घसरतो कसा, वाकताना हात गळ्यापाशी कसा जातो, चारचौघींत कसं चोरून बसायचं, सगळं तुझ्या अंगावरून गेलेलं, आणि तू मला फळी म्हणालीस. इंदापूरच्या त्या एसटीत एकदा नुसतं म्हणाली असतीस, मीपण तुझ्यासारखीच हाय गं. काय गेलं असतं तुझं? मी तुझ्याच मशीनच्या खणातली कात्री आणली, टाके उसवले आणि दोन्ही गोल चुलीत घातले. स्पंज जळताना फार घाण वास येतो. काय जळतंय म्हणून काकूनं विचारलं, मी म्हणाले, चिंधी पडली. मग बायका आत आल्या. तुझ्या छातीकडं बघून हळहळल्या, आजारानं पार वाळून गेली म्हणाल्या. मी पाण्याची बादली पुढं सरकवली.

आजचं दुकान कालव्याजवळ आहे, वरच्या मजल्यावर, बाईचं आहे. दवाखान्यातल्या एकीनं सांगितलं म्हणून आधी फोन केला होता, लहान मापं असतात का म्हणून. या की, असतंय, म्हणाली. पोरीला ती म्हणाली, हात खाली सोड, श्वास सोड. टेप आधी बरगड्यांना लावली, मग वरून, दोन वेगळी मापं घेतली. अठ्ठावीस. त्या मापात दोनच रंग होते, पोरीनं जांभळा उचलला आणि खोलीत गेली. जरा वेळानं आतून धपाधप आवाज यायला लागले. दार लोटून बघते तर वरून टी-शर्ट घालून ही उड्या मारतेय. वाकली, हात वर केले, चढाईत फिरते तशी गर्रकन फिरली. मग पाठ माझ्याकडं करून म्हणाली, मम्मी, वढ बघू मागनं. मी पट्टा धरून ओढला. चांगला जोर लावून ओढला. जागचा हलला नाही.

ती खूश झाली, आणि मग आरशात बाजूनं वळून बघायला लागली. म्हणाली, "मम्मी, मी पुढं भरंन का गं?" तुझा शब्द. तुझा आवाजही तिला आठवत नाही, तरी शब्द तुझाच. आणि खरं सांगते, उत्तरही तुझंच माझ्या जिभेवर आलं होतं, भरशील की. मी ते गिळलं. म्हणाले, "भरशील न्हायतर न्हाय. मी कुठं भरले? तुझी आजी पण अशीच होती." ती म्हणाली, आजी पण? मी म्हणाले, व्हय, आजी पण. दुकानातली बाई बाहेर घड्या घालत होती, तिला ऐकू जाईल असं म्हणाले. तुला मुळीच आवडलं नसतं, म्हणूनच जरा मोठ्यानं म्हणाले. मग माझंही माप घेतलं. तीस. दोन घेतल्या, साध्या.

हे मी ग्राउंडच्या पायरीवर बसून लिहितेय, दवाखान्यातले कोरे कागद पर्समध्ये होते त्यावर. तुला पाठवायचा प्रश्न नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, तू आधी माझ्या अक्षराला नावं ठेवली असतीस. समोर पोरगी खेळतेय. दुकानातून थेट इकडंच चल म्हणाली, घरी जाऊ दिलं नाही. आत्ताच तिघींनी तिला धरलं होतं, एकीनं पाय, दोघींनी कंबर, आणि ही जमिनीवर आडवी, हात लांब करून रेषेकडं सरकतेय. मी लिहायचं थांबवून बघत होते. बोटं टेकली रेषेला. उठली, धूळ झटकली, आणि खांद्याकडं हात नेला नाही. रविवारी जाणार आहे.

एक सांगायचं राहिलं. आमच्या हॉलमध्ये तुझा फोटो आहे, मशीनशेजारी ताठ उभी, पदर चापूनचोपून घेतलेली, भरल्या अंगाची. पोरीनं तो जन्मापासून बघितलाय. जिना उतरताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "पण फोटोत आजी तशी दिसत न्हाय." चांगली संधी होती. वाटीपासून चुलीपर्यंत सगळं सांगता आलं असतं, तोंडावर आलंही होतं. मी म्हणाले, फोटोत सगळ्याच जरा भरलेल्या दिसत्यात. तिला पटलं. स्पंजाचं मी बोलले नाही. त्यावरून माझा राग गेला असं मात्र समजू नकोस.